तो दिवा असाच असतो



वेलिंग्टनच्या बाजूला राहणाऱ्यांना हवा हा विषय कधी कमी पडत नाही. पण या खेपेचं 'हवापाणी' बाहेरच्या वाऱ्याबद्दल नाही, टायरमधल्या हवेबद्दल आहे. त्यातही त्या हवेची चुगली करणाऱ्या नारिंगी दिव्याबद्दल. ज्यांच्या गाडीत हा दिवा आहे त्यांनी सवडीने वाचा. ज्यांच्या गाडीत तो कायमचाच लागलेला आहे त्यांनी आजच वाचा. मी त्या दुसऱ्या गटातला होतो, म्हणून सांगतो.

गाडी जुनी आहे. २००८ ची, दोन सीटची, बुटकी, जपानमध्ये आठ वर्षं चालून मग इकडे आलेली. चाळिशीनंतर लोक देवधर्माला लागतात, आमच्या घरी ही आली, असं सौ.चं मत आहे. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता, माझा होता.

जपानी वापरलेली गाडी म्हणजे काय ते इथल्या मंडळींना सांगायला नको. नवीन आलेल्यांसाठी दोन ओळी. न्यूझीलंडमध्ये गाड्यांची जुळणी करणारे शेवटचे कारखाने १९९८ मध्ये बंद झाले. आमच्या शेजारच्या पोरिरुआतला मित्सुबिशीचा कारखानाही त्यातलाच. त्याच्या आधीपासूनच, म्हणजे १९८० च्या दशकाच्या शेवटापासून, जपानमध्ये वापरलेल्या गाड्या बोटींनी इकडे यायला लागल्या होत्या. स्टिअरिंग उजवीकडे, गाड्या कमी चाललेल्या, किंमत खिशाला परवडणारी. फक्त त्या गाड्या मनाने जपानमध्येच राहतात. रेडिओ जपानचा, म्हणून एफएमवर इथली निम्म्याहून जास्त स्टेशनं लागत नाहीत. मॅन्युअल जपानीत. नॅव्हिगेशनच्या नकाशात न्यूझीलंड नाहीच. आणि किल्ली फिरवली की एक बाई अतिशय नम्रपणे जपानीत काहीतरी सांगते.

ती बाई काय सांगते ते मला पहिलं वर्षभर माहीत नव्हतं. मग कळलं की ती म्हणते, 'ईटीसी कार्ड घातलेलं नाही.' ते जपानच्या टोलनाक्यांचं कार्ड. इथे त्याचा काडीचा उपयोग नाही. पण बाई रोज सांगते, आम्ही रोज ऐकत नाही. सूचना ऐकून न ऐकल्यासारखं करण्याची सवय आम्हाला त्या बाईने लावली असं म्हटलं तरी चालेल.

मग दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात डॅशबोर्डवर तो नारिंगी दिवा लागायला लागला. घोड्याच्या नालेसारखी आकृती, आत उद्गारचिन्ह. पहिल्यांदा लागला तेव्हा मी शहाण्यासारखा पंपावर गेलो, चारही टायर तपासले. हवा बरोबर होती. दुपारी ऊन पडलं आणि दिवा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत हजर. असं महिनाभर चाललं, आणि मग तो गेलाच नाही. टायरच्या दुकानातल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, 'सेन्सरची बॅटरी असेल मेट, शी'ल बी राइट.' आपल्याकडच्या 'चालतंय की' ला इथे असं म्हणतात. दोन्ही देशांचं एकमत झाल्यावर मी कोण बोलणार? गाडी तशीच चालवत राहिलो.

आता खरी गोष्ट.

गेल्या वर्षी मुलगा सतरा वर्षांचा झाला, रिस्ट्रिक्टेड लायसन्स हातात आलं. एका रविवारी त्याला घाटाची सवय व्हावी म्हणून आम्ही दोघं ही गाडी घेऊन ग्रेटाउनला गेलो. हट आणि वायरारापा यांच्यामध्ये रेमुटाकाचा डोंगर आहे, त्यावरून स्टेट हायवे २ जातो. आपला कसारा घाट डोळ्यासमोर आणा, फक्त मध्ये दुभाजक नाही आणि समोरून लाकडाचे ट्रक येतात. माथा ५५५ मीटरवर.

निघताना त्याने विचारलं होतं, 'बाबा, हा ऑरेंज लाइट कसला?'

मी म्हणालो, 'काही नाही रे, तो असाच असतो.'

परत येताना फेदरस्टनहून चढायला लागलो. तो चालवत होता, मी शेजारी. तीन-चार वळणं झाली आणि तो म्हणाला, 'बाबा, गाडी डावीकडे ओढतेय.' मी म्हणालो, रस्त्याला उतार असतो तसा, स्टिअरिंग नीट धर. अजून दोन वळणं झाली. तो म्हणाला, 'नाही बाबा, खरंच ओढतेय.' त्याच्या आवाजात जे होतं ते ऐकून मी त्याला माथ्यावरच्या पार्किंगमध्ये थांबायला सांगितलं.

उतरून बघितलं तर पुढचा डावा टायर. तुम्ही म्हणाल, बसलेला टायर लगेच दिसतो. या गाड्यांचा दिसत नाही. टायरची उभी बाजू चार बोटांचीसुद्धा नसते आणि ती इतकी ताठ असते की अर्धी हवा गेली तरी टायर आपला उभाच. हात लावला तर चटका बसला. गेज लावलं तर १२ पीएसआय. असायला हवी होती ३३. आतल्या बाजूला एक स्क्रू रुतलेला होता.

आणि दिवा? दिवा लागलेलाच होता. गेले सात-आठ महिने लागलेलाच होता.

स्टेपनी नाही. या गाड्यांत वजन वाचवायला स्टेपनीऐवजी टायरमध्ये भरायच्या सीलंटची बाटली आणि छोटा कंप्रेसर देतात. बाटलीवरचं जपानी काही कळलं नाही, पण तारीख कळली. २०१२. मग रोडसर्व्हिसला फोन केला आणि त्यांची गाडी येईपर्यंत पाऊण तास आम्ही त्या वाऱ्यात बसून राहिलो. पुढे कायटोकेपर्यंतचा सगळा उतार होता. चढावर वेग कमी होता म्हणून टायर टिकला. उतारावर, वळणावर, समोरून ट्रक येत असताना तो रिममधून सुटला असता तर काय, हे मी त्या पाऊण तासात बऱ्याच वेळा मनात बघून घेतलं.

पोरगा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, 'तू म्हणाला होतास ना, तो असाच असतो.'

लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. त्यात खोटं बोलणाऱ्या पोराला शिक्षा होते असं आपल्याला सांगितलं गेलं. त्या रविवारी मला कळलं की गोष्टीत चूक गावकऱ्यांचीही होती. पोरगा खोटं बोलतो हे कळल्यावर त्यांनी दुसरा राखण्या नेमायला हवा होता. तो नेमला नाही आणि मेंढ्या तशाच रानात पाठवत राहिले. माझ्या गाडीतला दिवा खोटं बोलत होता हे मला माहीत होतं. त्याच्या जागी मी काय ठेवलं होतं? काहीच नाही.

असो. आता कामाचं बोलू. पुढच्या दोन महिन्यांत मी या सेन्सरांच्या मागे लागलो आणि जे शिकलो ते क्रमाने देतो. क्रम महत्त्वाचा आहे. मी तो उलटा केला आणि पैसे घालवले.

१) आधी गेज, मग बाकी सगळं

दिवा लागला की पहिलं काम हवा मोजणं. स्वतःच्या गेजने, आणि टायर थंड असताना. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर बघा. टायरच्या बाजूवर जो आकडा असतो तो जास्तीत जास्त मर्यादेचा, तो भरायचा नाही. जपानी स्टिकरवर केपीए आणि किलोग्रॅम असे दोन आकडे असतात. २३० केपीए म्हणजे साधारण ३३ पीएसआय. ६.९ ने भागलं की झालं.

हिवाळ्यात दिवा लागण्याचं एक साधं कारण असतं. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. फेब्रुवारीत भरलेली हवा जुलैत तपासली नसेल तर दिवा खरंच बोलत असेल.

२) दिवा कसा लागतो ते बघा

बऱ्याच गाड्यांत दिव्याच्या दोन भाषा असतात. गाडी सुरू केल्यावर लागून तसाच स्थिर राहिला तर हवा कमी आहे. सुरुवातीला मिनिटभर किंवा थोडं जास्त लुकलुकला आणि मग स्थिर झाला तर यंत्रणाच बिघडली आहे. अमेरिकेच्या नियमात हे ६० ते ९० सेकंद असं ठरवून दिलेलं आहे. माझा दिवा रोज लुकलुकत होता. मी रोज गाडी सुरू करून पट्टा लावत होतो, आरसा बघत होतो, बाईचं जपानी ऐकत होतो. मिनिटभर दिव्याकडे बघितलं कधीच नाही.

तिसरी भाषा म्हणजे थंडीत सकाळी लागणं आणि दुपारी जाणं. हवा बरोबर असूनही असं होत असेल तर सेन्सरची बॅटरी म्हातारी झाली आहे. थंडीत ती आणखी मरगळते. हीच दुरुस्तीची योग्य वेळ, कारण सेन्सर अजून जिवंत आहे. याचा फायदा पुढे सांगतो.

३) तुमच्या गाडीत सेन्सर आहेत का?

हा प्रश्न वेडगळ वाटेल, पण हा दिवा असलेल्या सगळ्या गाड्यांत टायरमध्ये सेन्सर नसतात. पद्धती दोन आहेत.

एक अप्रत्यक्ष. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित कमी होतो, म्हणून ते बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतं. एबीएसचे सेन्सर चाकांचा वेग मोजतच असतात, तेच वापरून कॉम्प्युटर ओळखतो की एक चाक वेगळं वागतंय. बीएमडब्ल्यूची पहिली झेड४, २००२ पासूनची, याच पद्धतीची. यात बॅटरी नाही, बदलायला काही नाही. हवा भरल्यावर किंवा टायर बदलल्यावर बटण दाबून यंत्रणेला नव्याने शिकवावं लागतं, तेवढं लोक विसरतात आणि मग दिवा उगाच लागतो. उणीव मोठी आहे. चारही टायरची हवा सारखीच उतरत गेली तर तिला पत्ता लागत नाही. आणि बटण कमी हवेवर दाबलं तर ती कमी हवाच बरोबर समजते.

दुसरी प्रत्यक्ष. प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, काडेपेटीपेक्षा लहान सेन्सर असतो. दाब आणि तापमान मोजतो, चाक फिरायला लागलं की जागा होतो आणि रेडिओवरून आपला क्रमांक आणि दाब गाडीला कळवतो. १९८६ च्या पोर्श ९५९ पासून रस्त्यावरच्या गाड्यांत टायरच्या दाबावर नजर ठेवायला सुरुवात झाली असं मानतात. २००७ च्या निस्सान जीटी-आरमध्ये चाकात सेन्सर होते. माझीही गाडी याच प्रकारची.

ओळखायचं कसं? डॅशबोर्डजवळ टायरच्या चित्राचं बटण असेल तर बहुधा अप्रत्यक्ष. व्हॉल्व्ह धातूचा असून मुळाशी नट असेल तर बहुधा प्रत्यक्ष. पण रबरी व्हॉल्व्हमागेही सेन्सर असू शकतो, म्हणून शेवटचं उत्तर पुढच्या पायरीत.

४) सेन्सर बोलतात का ते ऐकवून घ्या

टायरच्या बऱ्याच दुकानांत हातात मावणारं यंत्र असतं. ते व्हॉल्व्हजवळ धरून बटण दाबलं की सेन्सर झोपेतून उठतो आणि आपला क्रमांक, दाब, कधी बॅटरीची अवस्थाही सांगतो. टायर काढावा लागत नाही. चार चाकं, पाच मिनिटं. माझ्या गाडीत तीन बोलले, पुढचा डावा गप्प. हो, तोच डावा.

सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं जाते. ती आत डिंकासारख्या पदार्थात कायमची बंद केलेली असते, म्हणून बॅटरी संपली की सेन्सर बदलायचा. २००८ च्या गाडीत मूळ सेन्सर असतील तर एक गेला म्हणजे बाकीचे तीन दारात उभे आहेत असं समजा. मी एकच बदलायचा शहाणपणा केला. तो करू नका. टायर बदलायचे असतील तेव्हाच चारही बदला, मजुरी एकदाच पडते.

५) ३१५ की ४३३?

मुख्य घोळ इथे झाला. दुकानदाराने गाडीचं मॉडेल आणि साल बघून सेन्सर मागवला, बसवला, आणि दिवा तसाच. यंत्र लावलं तर नवा सेन्सर व्यवस्थित बोलतोय, गाडीला मात्र ऐकूच येत नाही. दोन आठवडे आम्ही गाडीच्या रिसिव्हरवर संशय घेतला.

उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होतं, म्हणजे कानांसमोर. रेडिओ! जपानमध्ये एफएम ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतं, इथे ८८ ते १०८. म्हणून जपानी गाडीचा रेडिओ इथे अर्धा बहिरा. टायरच्या सेन्सरचंही तेच आहे. जपानी गाड्यांचे सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात. युरोपात, ऑस्ट्रेलियात आणि इथे नव्या विकल्या जाणाऱ्या गाड्यांत बहुतेक ४३३. दुकानदाराने इथे नव्या विकल्या गेलेल्या मॉडेलचा सेन्सर मागवला होता. त्याचीही चूक म्हणवत नाही, कारण 'गाडी जपानहून आलेली आहे' हे वाक्य मी उच्चारलंच नव्हतं.

तेव्हा सेन्सर मागवताना दोन गोष्टी सांगा: गाडी जपानी वापरातली आहे, आणि जुन्या सेन्सरवर ३१५ छापलेलं आहे का ते आधी बघा. आता दोन्ही फ्रिक्वेन्सींवर चालवता येणारे प्रोग्रॅम करायचे सेन्सरही मिळतात. दुकानदार ते यंत्राने तुमच्या गाडीसाठी तयार करून देतो.

६) बसवताना

टायर काढायच्या आधीच दुकानात सांगा की आत सेन्सर आहे. टायर रिमवरून सोडवणारं अवजार व्हॉल्व्हजवळ दाबलं की चांगला सेन्सरही फुटतो.

सेन्सर जुनाच ठेवणार असाल तरी त्याचं रबरी सील, नट, आतला पिन आणि टोपी दर टायरबदलाच्या वेळी नवीन घाला. आमच्यासारखे समुद्राजवळ राहणारे असतील त्यांनी तर नक्कीच. धातूचा व्हॉल्व्ह अॅल्युमिनियमचा असतो. त्यात साधा पितळी पिन घातला तर खारट हवेत दोन धातू एकमेकांना धरून बसतात आणि एक दिवस हवा भरायला गेलात की व्हॉल्व्हच मोडून हातात येतो. पिन निकेलचा मुलामा दिलेला हवा. टोपीही प्लॅस्टिकची बरी.

सीलंट वापरलं असेल तर तेही सांगा. काही सीलंट सेन्सरचं बारीक छिद्र बुजवतात.

आणि कमी हवेवर चाललेला टायर आतून बघितल्याशिवाय परत बसवू देऊ नका. माझ्या टायरमधला स्क्रू काढून पंक्चर सहज काढता आलं असतं. पण टायर उलटा केला तर आत काळी रबराची पूड निघाली. बाजूची भिंत आतून झिजून गेली होती. बाहेरून टायर नवा दिसत होता.

७) ओळख करून देणं

गाडी आपल्या चार सेन्सरांचे क्रमांकच ऐकते, नाहीतर सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवरून आपला दिवा लागला असता. म्हणून नवा सेन्सर आला की त्याची ओळख करून द्यावी लागते. काही गाड्या पंधरा-वीस मिनिटं चालवल्यावर स्वतः ओळखतात. त्या काळातल्या बऱ्याच जपानी गाड्यांत मात्र क्रमांक डायग्नॉस्टिक यंत्राने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये लिहावे लागतात, आणि ते यंत्र प्रत्येक दुकानात नसतं. आधी विचारून घ्या.

आणि वर म्हटलेला फायदा हा. जुना सेन्सर अजून बोलत असेल तर त्याचाच क्रमांक नव्या सेन्सरवर उतरवता येतो. गाडीला कळतही नाही की माणूस बदलला. सेन्सर मेला असेल तरी क्रमांक त्याच्या अंगावर छापलेला असतो. टायर उघडलेला असताना मोबाइलवर चारही सेन्सरांचे फोटो काढून ठेवा. हे मी केलं नव्हतं, दुकानातल्या मुलाने केलं होतं. त्याचे आभार.

मंडळी, एवढं सगळं झाल्यावर गेल्या ऑक्टोबरमध्ये माझा दिवा गेला. पण दिव्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

हा दिवा सक्तीचा झाला तो मोठ्या दुर्घटनांनंतर. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनने लाखो टायर परत मागवले. फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर ते टायर धावता धावता फाटत होते, गाड्या उलटत होत्या, दोनशेहून जास्त माणसं गेली. टायरमध्ये हवा कमी असणं हेही त्या प्रकरणात चर्चेत होतं. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या गाड्यांत ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात २०१४ च्या अखेरीस सगळ्या नव्या गाड्यांना. भारतात २०२० मध्ये नियम बदलला, ही यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर छोट्या गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते.

पण अमेरिकेच्या नियमात मर्यादा काय आहे बघा. कंपनीने सांगितलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झालं की दिवा लागला पाहिजे, आणि तोही वीस मिनिटांच्या आत. माझ्या ३३ चा हिशोब केला तर पावणे पंचवीस. म्हणजे २७ वर मी रोज ऑफिसला गेलो तरी चालू दिवासुद्धा गप्प राहू शकतो. हा दिवा हवा मोजत नाही. तो शेवटच्या क्षणी हाक मारतो. वॉरंट ऑफ फिटनेसवाला टायरची नक्षी १.५ मिलिमीटर आहे ना ते बघतो, पण तो बघतो ते त्या दिवसाचं. दुसऱ्या दिवसापासून हवा आपल्यावर.

माझे वडील साताऱ्याला चेतक चालवायचे. रोज सकाळी किक मारायच्या आधी दोन्ही टायरना चपलेच्या टाचेने एक-एक ठोसा द्यायचे. आवाज ऐकायचे. आवाज बदलला की आधी कोपऱ्यावरचा पंक्चरवाला, मग ऑफिस. तो ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे दाखवायचा आणि मला वाटायचं काय हे मागासलेलं. त्यांच्याकडे दिवा नव्हता, म्हणून ते रोज विचारायचे. माझ्याकडे दिवा होता, म्हणून मी विचारणं सोडलं होतं.

टायरचा आवाज ऐकून हवा ओळखणं या ताठ टायरांवर जमत नाही, मी करून बघितलं. पण गेज जमतं. आता ते हातमोज्यांच्या कप्प्यात असतं आणि दर दुसऱ्या रविवारी सकाळी मुलगा चारही टायर मोजून फ्रिजवरच्या कागदावर आकडे लिहितो. ज्यांना सेन्सर बदलणं परवडत नसेल किंवा मिळतच नसतील त्यांनी एवढं तरी करा. चालून जातं असं मी अजिबात म्हणत नाही, पण बंद दिवा आणि रविवारचं गेज हे कायम लागलेल्या दिव्यापेक्षा शंभरपट बरं. आणि दिव्यावर काळी टेप लावणार असाल (लावलेली बघितली आहे!), तर निदान टेपवर लिहा, 'हवा मोजली का?'

गेल्या महिन्यात तो पहिल्यांदा एकटा घाटावरून गेला. मी काही बोललो नाही. निघताना त्याने गेज लावलं, सुरू करून मिनिटभर डॅशबोर्डकडे बघत बसला, मग गेला. मास्टर्टनहून मेसेज आला: 'पोचलो. लाइट नाही. लेडी अजून बोलते.'

कळावे, लोभ असावा.

आपला,
हवापाणीवाला
लोअर हट

ता. क. त्या बाईला गप्प करायचं तर ईटीसीचं यंत्र काढून टाकता येतं, तासाभराचं काम आहे. इतके दिवस सौ. म्हणत होत्या राहू दे, सवय झाली आहे. घाटानंतर म्हणाल्या, काढून टाक. ज्या सूचनेचा उपयोग नाही ती बंद झाली की उपयोगाची ऐकू येईल. या रविवारी काढतोय.